स्टिअरिंगवरचा हिरवा ठिपका

ता. ६
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुझं बोलणं बंद केलंय म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितोय. अक्षराला हसू नकोस. सध्या बंदरात जहाजांना रंग देतो. एका जहाजावर मांजर आहे, ते थेट कप्तानाच्या टोपीत झोपतं. ते राहू दे.

मला एक कळत नाही. फाटकाला बंपर नुसता टेकला आणि एअरबॅगमधून पत्र्याचा तुकडा तुझ्या गळ्यात? जीव वाचवणारी वस्तू ना ती? दाजींच्या गॅरेजात भंगारातल्या गाड्यांचे भाग पडलेले असतात, मी पाहिलेत. त्यातलीच जुनी एअरबॅग तुझ्या गाडीत बसवली नाही ना? तू विचारणार नाहीस, ठाऊक आहे. मग गुपचूप बघ, स्टिअरिंगचे स्क्रू कोणी खोललेत का. पत्र दाजींच्या हाती लागू देऊ नकोस. आवाज परत येईल ना गं?

एवढं वाचूनही लोभ उरला तर असू दे.
तुझा,
भोवरा

ता. १३
चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

पत्र यांच्याच हाती लागलं. टपाल तेच घेतात, शहाण्या. दोन दिवस गॅरेजातच जेवले, मग हसायला लागले. कारण त्यांचा संशय तुझ्यावर होता. गेल्या वर्षी माझ्या गाडीचा हॉर्न तूच ‘सुधारला’ होतास ना?

शेवटी दोघांनी मिळून पाहिलं. कारखान्यात स्क्रू आवळला की त्यावर हिरव्या रंगाचा ठिपका देतात. स्क्रू फिरला की ठिपका तुटतो. माझ्या गाडीतले ठिपके अखंड निघाले. म्हणजे ना यांचा हात लागला, ना तुझा. एअरबॅग फुगवणारी धातूची डबी असते, तीच फुटली होती. कारखान्यातूनच खराब आलेली.

काल कंपनीचा माणूस फळं घेऊन आला. म्हणे, तुकडा तुमच्या गळ्यातल्या साखळीचा असेल. मी कधी साखळी घातली रे? वर गाडी लगेच नेतो म्हणाला. यांनी गॅरेजला कुलूप घातलं आणि फळं परत दिली.

आता नीट वाच. तुझ्याकडची गाडी माझ्या गाडीबरोबरच घेतलेली, त्याच कंपनीची. ती चालवायची नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. हे येऊन ओढून आणतील.

आवाजाचं विचारलंस. काल एक शब्द काढला. घोगरा निघाला. हे तोंड फिरवून बराच वेळ पाणी पीत राहिले.

जपून राहा, म्हणजे माझी माया कामी लागली म्हणायची.
तुझी,
ताई

ता. १९
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बंदरात, गाडीतच फोडलं. इंजिन चालू होतं. मांडीवर वाघ झोपलाय तसा हळूच उतरलो, दारसुद्धा आपटलं नाही. दिवसभर लांबून तिच्याकडे बघतोय. मांजराला मात्र बॉनेट आवडलंय, ते—पुन्हा भरकटलो.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. चार दिवसांनी मला वाटणार, त्या वळणापर्यंत जायला काय होतंय. म्हणून गाडीची चावी याच पाकिटात घातली आहे. दुसरी माझ्याकडे नाही.

यावेळी पाकीट दाजींनाच उघडू दे. त्यांना नमस्कार सांग, आणि तो घोगरा शब्द माझ्यासाठीही राखून ठेव.
तुझा,
भोवरा