धावपट्टीच्या उत्तरेचं घर

मी, राहीबाई गुंडा हुलवान, वय ७४, राहणार हुलवानमाळ, ता. मिरज, जि. सांगली. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या राजीखुशीने हे लिहून ठेवते. माझ्या पश्चात असेच व्हावे.

१. जुन्या विमानतळाच्या उत्तरेची दोन गुंठे जागा व त्यावरील पत्र्याचे घर माझ्या नावे आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे आमच्या मेंढरांचा माळ होता. सरकारने तो घेतला, धावपट्टी केली. माझे पती तिथे राखणदार लागले. त्यावरून धाकटे दीर भाऊसो त्यांना म्हणाले, "माळ गेला, आन् तू त्येचीच राखण करतूस व्हय?" ते मेंढरे घेऊन नदीकाठी गेले. आमच्याशी बोलणे तोडले.

विमाने थोडीच वर्षे आली. तेव्हा खेड्यापाड्यांतून माणसे बघायला येत, माझ्याकडे चहा घेत. मग विमाने बंद झाली. लोकांनी कुंपणाची तार नेली, चौकीचे दारही नेले. माळावर आम्हीच उरलो. वारा दाखवणारी कापडी पिशवी फाटली की मी लुगड्याची शिवून देई आणि पती खांबावर चढवत, पगार थांबल्यावरही. ते वारल्यावर ते कामही संपले.

महापुरात सांगलीचे रस्ते बुडाले आणि एक हेलिकॉप्टर माळावर घिरट्या घालू लागले. मी ओला कडबा पेटवला. धुरावरून त्याला वारा कळला असावा, ते उतरले. आतल्या माणसांत तापाने फणफणलेले भाऊसो होते, सोबत त्यांची लेक स्वप्नाली. पूर ओसरेपर्यंत दोघे माझ्याकडे राहिले. मी दिरांना पेज भरवली. बरे झाले आणि न बोलता गेले.

स्वप्नाली मात्र दर बाजाराला येते. माझ्या हातची भाकरी खाते, बोलत बसते. घर, जागा व शिलाई मशीन तिला द्यावे. हल्ली मोजणीवाले लाल झेंडे रोवून गेलेत. पुढेमागे जागा गेलीच, तर मोबदला तिचाच. त्यात भाऊसोंनी हात घालू नये.

२. बँकेतील शिल्लक मुलगा जयराज याला. तो फौजेतून निवृत्त होऊन पुण्यात असतो. मागे फोनवर म्हणाला, "आई, तिथं कोन हाय आता?" मी म्हणाले, "मी हाय की." त्याच्यावर राग नाही. वडिलांची राखणीची शिट्टीही त्यालाच द्यावी. लहानपणी त्याने ती रडून मागितली होती. सरकारी म्हणून त्यांनी दिली नाही.

३. माझ्या मातीला जयराजची वाट पाहू नये. तो दमून येईल, त्याला आधी जेवू घालावे.

साक्षीदार दोन लागतात. एक माझे डॉक्टर. दुसरा शेजारी घ्या, असे वकील म्हणाले, पण शेजार कुठला? शेवटी स्वप्नालीने वडिलांना गाडीवर बसवून आणले. वकिलांनी वरचे सगळे वाचून दाखवले, दिरांविषयीचेही. ते मान खाली घालून ऐकत होते. मग मला म्हणाले, "वैनी, बरोबर लिवलंय." माळ गेल्यापासून ते माझ्याशी बोलले ते एवढेच. चहा घेतला नाही.

सही: राहीबाई गुंडा हुलवान
साक्षीदार: १. डॉ. दिग्विजय शिंत्रे (सही)
२. भाऊसो कोंडीबा हुलवान (डाव्या हाताचा अंगठा)
ठिकाण: हुलवानमाळ
दिनांक: ९ जानेवारी २०२५