भाकरीचा ताबा पुष्करकडे जाऊ नये

भाकरीच्या मानेवरच्या दोन्ही जखमा भरून आल्या आहेत, मात्र तिथे पुन्हा केस उगवणार नाहीत, असं डॉ. अश्लेषा नाडकर्णी यांनी आज सकाळी तपासून सांगितलं. भाकरी ही माझी कुत्री आणि अश्लेषा तिच्या डॉक्टर. जखमा विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याच्या आहेत. तो पट्टा तिच्या गळ्यात पडला तो माझ्या मुलामुळे. म्हणून हे मृत्युपत्र आज लिहिते आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, पण नुसत्या झडपेसाठी जुनं मृत्युपत्र पुरलं असतं.

मी, शालिनी दीनानाथ उकिडवे, वय चौऱ्याहत्तर, एका वृत्तसंस्थेच्या मराठी विभागातून निवृत्त, राहणार तळमजला, ए टॉवर, नीलकुंज सोसायटी, गाझियाबाद, पूर्ण शुद्धीवर आहे. हा मजकूर माझा मी लिहिला आहे. तो मला कोणी सांगितला नाही आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी रागावलेली आहे. राग वेगळा आणि भ्रम वेगळा, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून दाखल्यात लिहून घेतलं आहे. अश्लेषाही दाखला द्यायला तयार होत्या, पण गुरांच्या-कुत्र्यांच्या डॉक्टरचा दाखला माणसाला चालत नाही म्हणे. याआधी केलेली माझी सर्व मृत्युपत्रं मी रद्द करते.

माझे वकील सुयश देवधर म्हणाले, "काकू, मृत्युपत्रात राग नका घालू. नुसती मिळकत लिहा."

मी म्हटलं, "राग हीच माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. बाकीचं अर्धं तरी यजमानांचं होतं."

कलम १. माझे यजमान दीनानाथ केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ते हयात नाहीत. आम्हांला पुष्कर हा एकच मुलगा. तो गुरुग्राममध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याची मुलगी अबोली सज्ञान असून नोकरी करते. याखेरीज मला वारस नाही.

पुष्कर लहान असताना आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. तिथे जिन्याखाली जन्मलेलं लाडू नावाचं पिल्लू त्याने घरात आणलं. शाळेत हिंदी आणि इंग्रजी बोलणारा हा मुलगा लाडूशी मात्र मराठीतच बोलायचा. "लाडू, बूड टेक," असं तो सारखं म्हणायचा. पुढे त्याचं नुसतं "टेक" झालं. लाडू त्या शब्दावर बसायला शिकला. म्हणजे हा शब्द मी काढलेला नाही, पुष्करने काढलेला आहे. हे मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावर उभ्या आहेत.

कलम २. निवृत्तीनंतर मी या सोसायटीत दर रविवारी सकाळी पंपहाउसमागच्या मैदानात कुत्र्यांचा वर्ग सुरू केला. खरं म्हणजे तो कुत्रेवाल्यांचा वर्ग. कुत्री लवकर शिकतात. शब्द मी मराठीच ठेवले: टेक, थांब, ये, सोड, मागे. हे मराठीच्या अभिमानापोटी केलं नाही. "बैठ" आणि "रुक" इथे गार्डपासून भाजीवाल्यापर्यंत दिवसभर सगळेच ओरडत असतात. कुत्र्याला दिलेला शब्द रस्त्यावर पडलेला नसावा, तो फक्त घरच्या माणसाच्या तोंडी असावा, हा या कामातला पहिला नियम आहे. त्यामुळे आज या सोसायटीतले पंजाबी, बंगाली, मल्याळी सगळे आपापल्या कुत्र्याशी मराठीत बोलतात. लिफ्टमध्ये कोणी "थांब" म्हटलं की तीन मजल्यांवरची कुत्री थांबतात.

बी टॉवरमधले नरसिंह चौहान पहिल्या दिवशी माझ्याशी भांडायला आले होते. "भाभीजी, मेरा कुत्ता बुलंदशहर का है, मराठी क्या समझेगा?"

मी म्हटलं, "कुत्ता समझ जाएगा. आपका देखते हैं."

चौहानजींना समजायला कुत्र्यापेक्षा जास्त वेळ लागला. पण त्यानंतर त्यांनी एक रविवार चुकवला नाही.

कलम ३. जानेवारीत माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चौहानजी भाकरीला ठेवून घेणार होते. पुष्कर म्हणाला, "आई, बाहेरच्यांना कशाला त्रास? मी आहे ना. मी बघतो." मी घराची किल्ली आणि भाकरी दोन्ही त्याच्या हवाली केली. फोनवर रोज विचारायचे. रोज उत्तर यायचं, "बिल्कुल मजेत आहे यार आई, तू आराम कर."

भाकरी त्याच्या घरी गेलीच नव्हती. गुरुग्रामच्या पलीकडे कुत्री ठेवण्याची आणि शिकवण्याची एक भारी जागा आहे, तिथे त्याने तिला सोडलं होतं. मी वॉकर धरून चालायला लागले तेव्हा अबोलीला राहवलं नाही. ती म्हणाली, "आजी, भाकरी आमच्याकडे नाहीये. बाबा म्हणाले तुला बोलायचं नाही. ते लोक तिच्यासाठी दुसरं घर शोधतायत."

त्याच दिवशी चौहानजींनी गाडी काढली. मला मागच्या सीटवर आडवं निजवून घेऊन गेले. तिथल्या ट्रेनरने पिंजऱ्याशी नेलं आणि म्हणाला, "आंटीजी, ये डॉग ट्रेन नहीं हो सकती. सिट बोलो, बैठ बोलो, कुछ नहीं सुनती. सामने देखती रहती है. जिद्दी है. हमने कॉलर भी लगाया."

भाकरी कोपऱ्यात उभी होती. गळ्यात तो काळा पट्टा. मला पाहून शेपूट हलली, पण पुढे यायला ती घाबरत होती. चौहानजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि बुलंदशहरच्या त्या माणसाने तिच्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली. "भाकरी. टेक." ती बसली. "थांब." ती बसून राहिली. त्यांनी दार उघडलं. "ये." ती आली आणि त्यांच्या पायांवर तोंड टेकून थरथरत राहिली.

ट्रेनर म्हणाला, "ये कौन सी लैंग्वेज है? सर ने तो बताया ही नहीं."

इतके दिवस त्या जिवाला न कळणाऱ्या शब्दांसाठी झटके दिले गेले. ती जिद्दी नव्हती. तिला काय विचारताहेत तेच तिला कळत नव्हतं. त्या ट्रेनरवरही माझा राग आहे, पण त्याला शब्द माहीत नव्हते. ज्याला माहीत होते त्याला मी घरी बोलावून विचारलं.

"पुष्कर, पाच शब्द होते. सांगितले का नाहीस?"

तो फोन चाळत म्हणाला, "आई, तिथे माझ्या ऑफिसचे लोक येतात. त्यांच्यासमोर मी काय 'टेक, टेक' करत बसू? ऑकवर्ड होतं."

"आणि दुसरं घर?"

"तू आता चौऱ्याहत्तरची आहेस. खुबा झाला, आता हार्ट निघालं. प्रॅक्टिकली विचार कर ना. स्ट्रीट डॉगच आहे शेवटी."

लाडूही रस्त्यावरचाच होता. एवढंच मी बोलले. नोकरीत असताना रोज संध्याकाळी घड्याळाकडे पाहत मी बातम्या लिहिल्या. अपघात, दंगे, निकाल, सगळं. कुठलीच बातमी दोनदा लिहावी लागली नाही. त्याची ही उत्तरं मात्र इथे चार वेळा खोडून लिहिली.

कलम ४. भाकरी माझ्या मृत्यूनंतर, किंवा मी तिला सांभाळू शकत नसेन तर त्याआधीही, नरसिंह चौहान यांच्याकडे राहील. त्यांनी हे मान्य केलं आहे. पुष्करने किंवा त्याच्या वतीने कोणीही तिच्यावर हक्क सांगू नये. तिचं दुसरं घर शोधू नये. तिला आता घर आहे.

कलम ५. राहती सदनिका अबोलीला मिळेल, कारण ती खरं बोलली. तिने ती विकू नये किंवा पुढची खोली भाड्याने देऊ नये, भाकरी जिवंत आहे तोवर. ती खोली मैदानाकडे उघडते. जूनच्या उन्हात वर्ग तिथे भरेल. सुयश म्हणतात की कुत्र्याच्या नावे घर करता येत नाही. करता आलं असतं तर केलं असतं. अबोलीला मराठी समजतं, पण बोलताना निम्मे शब्द तिला आठवत नाहीत. हे पाच शब्द तिने चौहानजींकडून शिकून घ्यावेत. नातीने आजीची भाषा बुलंदशहरच्या गृहस्थाकडून शिकावी, हे माझ्या मुलाला ऑकवर्ड वाटलं तर वाटू दे.

कलम ६. बँकेतली शिल्लक दोन कामांसाठी वापरावी: भाकरीचं खाणं-औषध आणि सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या कुत्र्यांची नसबंदी व लसी. हिशेब अश्लेषा पाहतील. उरेल ते अबोलीला.

कलम ७. वर्गाच्या लांब दोऱ्या, शिट्ट्या, पाण्याचे वाडगे आणि वास ओळखायला शिकवण्यासाठी जमवलेले जुने मोजे चौहानजींना. मोजे धुवू नयेत. गेल्या दिवाळीत आमच्या कामवालीने सद्हेतूने धुतले आणि महिनाभराची मेहनत पाण्यात गेली.

पत्र्याची सुपली आणि लांब दांड्याचा खराटा सी टॉवरमधल्या जर्मन शेफर्डवाल्यांना. कारण त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांच्या मागून चालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कलम ८. सोसायटीचे सेक्रेटरी संग्राम त्यागी यांनी मी अंथरुणावर असताना मैदानाला कुलूप घातलं. "मैडम, ग्राउंड रेज़िडेंट्स के लिए है, कुत्तों का स्कूल थोड़े ही है." वर्ग सुरू झाल्यापासून या सोसायटीत कुत्रा चावल्याची एकही तक्रार आलेली नाही, आणि तक्रारी त्यांच्याकडेच येतात. त्यांना काही देत नाही. त्यांना साक्षीदार केलं आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, फक्त माझी सही पाहायची असते. तरी मी त्यांना समोर बसवून हा सगळा मजकूर लिहिता लिहिता हिंदीत ऐकवते आहे. या कलमाला त्यांनी पाणी मागितलं.

कलम ९. पुष्करला मी तो पट्टा देते. पिंजऱ्यातून भाकरीला काढताना चौहानजींनी तो सोडवून खिशात टाकला होता. त्याची बॅटरी अजून चालू आहे. स्थावर किंवा जंगम, दुसरं काहीही त्याला देत नाही. हे विसरून गेल्यामुळे नाही, आठवून आठवून लिहिलं आहे.

कलम १०. कलम ९ ला एकच अपवाद ठेवते, तोही सुयशच्या आग्रहाने नाही, भाकरीसाठी. उद्या रविवार आहे. वर्ग नेहमीच्या वेळी भरेल. मी खुर्चीवर बसेन, शिकवतील चौहानजी. पुष्करला यायला सांगितलं आहे. त्याने मैदानाच्या मधोमध उभं राहून, सगळ्यांच्या देखत, भाकरीला हाक मारून "ये" म्हणावं, आणि ती आली की "टेक" म्हणावं. खड्या आवाजात. ती त्याच्याजवळ जाऊन बसली तर कलम ९ रद्द समजावं, आणि दीनानाथांची पुस्तकं, आर. के. पुरममधले फोटो व सदनिकेत निम्मा हिस्सा पुष्करला मिळावा. मंगळवारनंतर मी नसले तरी ज्यांनी पाहिलं ते सांगतील. तो आला नाही, किंवा येऊन गप्प राहिला, तर पट्टा त्याचाच.

त्यागी हे ऐकून म्हणाले, "ताला कल खुलवा दूँगा, मैडम. सिर्फ़ कल."

तेवढं पुरेसं आहे. भाकरी जाईल त्याच्याकडे. घरच्या माणसाला माफ करायला कुत्र्याला फार वेळ लागत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. तिची मला खात्री आहे. त्याचा आवाज फुटेल याची नाही.

मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून ॲड. सुयश देवधर यांना नेमते.

सही: शालिनी दीनानाथ उकिडवे

शालिनीबाईंनी आम्हां दोघांच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत. सही करताना त्यांचा हात स्थिर होता.

साक्षीदार:
१. डॉ. अश्लेषा नाडकर्णी, पशुवैद्यक, गाझियाबाद
२. संग्राम त्यागी, सेक्रेटरी, नीलकुंज सोसायटी

स्थळ: गाझियाबाद
दिनांक: शनिवार, ७ मार्च २०२६