डाव्या हाताची पूजा

अप्पा, शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातून दोनदा बीडच्या एका वृद्धाश्रमात जाते. मागच्या मंगळवारी तिथल्या कामवाल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. एक आजी जप पुरा झाल्याशिवाय गोळ्या घेत नाहीत, आणि जप कुठवर आला तेच विसरतात. झाला म्हणून सांगितलं तर चालेल का, असं बाई विचारत होत्या. मला घाटनांदूरची आपली मागची खोली आठवली.

तुमच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा गावात नुकतंच केबल आलं होतं आणि दादानं कापडदुकानाच्या पुढच्या भागात एसटीडीचं बूथ काढलं होतं. आई आधीच गेलेली. माझं लग्न मोडून मी परत आले होते, म्हणून तुमचं सकाळचं सगळं माझ्याकडे आलं. ते उरकून मी बसनं शेजारच्या गावी शिकवायला जायचे. तुमची डावी बाजू गेली होती. पूजेला गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, आणि नेमका तोच हात मेलेला. पहिल्या दिवशी ते घसरून गोधडीवर पडलं. मी उचलायला गेले तेव्हा तुम्ही उजवा हात आडवा धरलात. ज्याचं त्यानंच शिवायचं. आयुष्यभर पूजेशिवाय घास न घेतलेला माणूस दुपारपर्यंत उपाशी बसला. शेवटी मीच सुचवलं, की लिंगाला मी शिवत नाही, तुमच्या हाताला खालून आधार देते. तुम्ही उजव्या हातानं डावा हात उचलून माझ्यापुढे केलात.

"धर. पन हलू नको."

मी पलंगाशेजारी गुडघे टेकून बसलेय. माझ्या दोन्ही हातांवर तुमचा हात, त्यावर लिंग. उजव्या हातानं तुम्ही आधी कपाळाला भस्म ओढता, मग लिंगावर बेलाचं पान ठेवता. ओठ हलताहेत. अर्धा तास जातो. माझे खांदे भरून येतात. तुमचा हात थंड आणि फार जड आहे. देवाचं माझ्या मनात काहीही नाही. समोरचं घड्याळ दिसतंय, तेवढंच.

दीड वर्षानं तुमची आठवण पुसट होऊ लागली. सकाळी झालेली पूजा विसरून तुम्ही दुपारी जेवण नाकारायचात. साखरेची गोळी चालू होती, उपाशी ठेवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. दादा म्हणाला, झाली म्हणून सांगत जा. खरंच झालेली असायची, म्हणून मी सांगायला लागले आणि तुम्ही जेवायला लागलात. मग एका सकाळी मी न झालेलीही झाली म्हणून सांगितली. भाकरी दुधात कुस्करून वाटी पुढे केली. तुम्ही उजवा हात कपाळाला लावलात, बोटं डोळ्यांपुढे धरून पाहिलीत. भस्म नव्हतं.

"कवा झाली?"

मगाशीच झाली, मी म्हणाले. मला शाळेला उशीर होतोय, असंही सांगितलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत विसरलेपण नव्हतं.

"आसंल. दे मग. तुला उशीर नको व्हायला."

तुम्ही सगळी वाटी संपवलीत.

पुढच्या सोमवारी आपले जंगमस्वामी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. आजारी माणसानं लिंग नुसतं डोळ्यांना लावलं तरी पूजा होते, म्हणाले, हे आधीच विचारायचं होतं. दोन मिनिटांचं काम. मी विचारलं नव्हतं, कारण विचारणं म्हणजे कंटाळले हे कबूल करणं होतं. त्यांनीच तुम्हाला समजावलं, आणि पुढची दोन वर्षं आपण तसंच केलं. त्या सकाळबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. विसरलात की नाही, मला कळलं नाही. तुम्ही गेल्यावर शेतात आपल्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून माती दिली तेव्हा लिंग तळहातावर स्वामींनी ठेवलं. मी बायकांमध्ये मागे उभी होते.

वृद्धाश्रमातल्या बाईंना मी म्हटलं, खोटं सांगू नका. थोडक्यात चालेल का ते आजींनाच विचारा. त्यांनी विचारलं. अकरा मणी पुरेत, आजी म्हणाल्या. तिथे सगळे मला शहाणी समजतात.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून एवढंही लिहिते. पूजा न होताच तुम्हाला जेवू घातलं त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, अप्पा. तुमचं जेवण झाल्यावर मी पायरीवर बसून सावकाश चहा प्यायले.