फियाट कोणाच्या नावावर

लिहून ठेवणार : भगीरथ धाऊ तारमळे, वय ७२, धंदा मोटार मेकॅनिक (आता बंद), राहणार धसई, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे.

हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणू शकेल असं एकच माणूस, ते सध्या घरात नाही. त्याचं कारण पुढे येईल. माझी बुद्धी जाग्यावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांनी तसं काही लिहून दिलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मुरबाडच्या वकीलबाईंनी एक मसुदा टाइप करून दिला होता, पण तो कोणाच्याही बापाला लागू झाला असता, म्हणून मी हाताने लिहायला घेतलं. बाई म्हणाल्या, "काका, एवढं कशाला? कोर्टाला गोष्टी नको असतात." मी म्हटलं, कोर्टाला नको असतील, माझ्या घराला हव्यात.

माझ्या मागे पत्नी देवकी, खर्डीला दिलेली मुलगी रंजिता, आणि रंजिताची मुलगी भूमिका, वय २०, एवढी माणसं आहेत. मुलगा भाविक १६ जानेवारी २०१४ रोजी गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याने उभी केलेली फियाट आता भूमिका चालवणार आहे, आणि भाविकच्या वेळी मी कागदात जी चूक केली ती तिच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं लिहितो आहे. बाकीची वाटणी काय, तोंडी सांगूनही झाली असती.

कलम १. फियाट गाडी, सन १९६९, रंग दुधी.

ही गाडी भातसा धरणाच्या कॉलनीतल्या एका साहेबांनी इंजिनच्या कामासाठी माझ्या शेडमध्ये सोडली. त्यांची बदली झाली, दोन वर्षांनी पत्र आलं की आता तुम्हीच ठेवा, आणि कागद माझ्या नावावर झाले. भाविकने ती सहा वर्षं खपून उभी केली. स्टेअरिंगजवळचा गिअर, दरवाजाच्या काचा, आतली गादी, एकेक वस्तू त्याने कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणली. मी फक्त शेडच्या दारात उभा राहून चुका काढायचो.

विम्याचं काम माझा मेहुणा, देवकीचा भाऊ जगन, बघायचा. त्याचं मुरबाडला विम्याचं छोटं ऑफिस आहे. २०१३ च्या पाडव्याला तो घरी आला. सोबत फॉर्म होते, गाडी भाविकच्या नावावर करायचे आणि त्याच्या नावाने पूर्ण विमा काढायचे. म्हणाला, "दाजी, अपघाताचा विमा मालक स्वतः चालवत असला तरच लागू व्हतो. तुमी कुठं चालवता? गाडी पोराची, हात पोराचे, तर नाव बी त्याचंच घाला ना." मी म्हटलं, "बाप जिता असताना पोराचं नाव? उद्या माझ्या दहाव्याचा दिवस पण ठरवशील." आणि सगळ्यात कमी कागद मागितला, पोलिसाला दाखवण्यापुरता. समोरच्याचं नुकसान भरून देणारा, आमचं काहीच नाही.

आमच्याकडे ही रीतच आहे. बापाचं कार्य झाल्याशिवाय पोराचं नाव कागदावर चढत नाही, मग सातबारा असो की घरपट्टी. माझं नाव बापाच्या, धाऊच्या जमिनीवर चढलं तेव्हा माझे केस पिकले होते. नाव दिलं की पोरगा हाताबाहेर जातो, असं लोक म्हणायचे आणि मीही म्हणायचो. भाविक तर माझं सगळं ऐकायचा.

पौषात म्हसा गावच्या जत्रेला, बैलबाजाराला, तो गाडी घेऊन गेला. तिथे लोक बैल बघायचे सोडून फियाट बघत होते म्हणे. परतताना बाजारातला एक सुटलेला बैल आडवा आला. त्याला वाचवायला भाविकने गाडी वळवली ती ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर गेली. जुन्या गाडीला सीटचे पट्टे नव्हते. बैलाला खरचटलंसुद्धा नाही. विम्याचं काही मिळालं नाही, आणि मिळायचं कारणही नव्हतं, कारण कागदावर मालक मी होतो आणि मी घरी चहा पीत होतो.

नंतर गाडीवर मी ताडपत्री घातली. देवकी म्हणायची, "भंगारात घाला नायतर पेटवा." मी दोन्ही केलं नाही. शाळा बंद होत्या त्या वर्षी भूमिका आमच्याकडे राहायला होती. एके दिवशी पोरीने विचारलं नाही, सवरलं नाही, ताडपत्री काढली आणि बॉनेटखाली डोकं घातलं. मी ओरडायला गेलो आणि पाना हातात देऊन आलो. पाच वर्षं लागली. आता ती आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकते. फियाटला पट्टेही तिनेच बसवले. देवकी त्या पाच वर्षांत शेडमध्ये एकदाही आली नाही. चहा द्यायचा झाला तरी ओट्यावर ठेवून हाक मारायची. मला म्हणाली, "माझा पोरगा खाल्ला त्या गाडीनं. आता पोरीला बसवता काय?"

विम्यासाठी मी आणि भूमिका कल्याणला तीन ऑफिसांत फिरलो. मुलगी वीस वर्षांची, लायसन्स एक वर्षाचं, गाडी छप्पन्न वर्षांची. सगळे आधी हसायचे. एकाने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "काका, हिची किंमत शून्य दाखवतोय." बाहेर आल्यावर भूमिका म्हणाली, "आजोबा, थर्ड पार्टी घेऊन टाकू ना. पोलिसाला दाखवायला पुरे." भर रस्त्यात मी तिच्यावर असा खेकसलो की माणसं थांबली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा काय दोष? ते वाक्य तिचं नव्हतं, माझं होतं.

दुसऱ्या दिवशी एकटाच मुरबाडला जगनच्या ऑफिसात गेलो. अकरा वर्षांनी. का, ते पुढच्या कलमात आहे. त्याने पाणी दिलं, खुर्ची ओढली, म्हणाला, "बसा दाजी. पोरीचं लायसन्स आणलंय काय?" बस्स, एवढंच. मग महिनाभर खपला. किंमत ठरवणारा माणूस शेडमध्ये आणला, गाडीचे आतून-बाहेरून फोटो काढले, किंमत आधीच कंपनी आणि आपण, दोघांच्या सहीने ठरवून घेतली, म्हणजे उद्या काही झालं तर कोणी शून्य म्हणणार नाही. चालवणाऱ्याचा अपघात विमा घातला. शेवटी पेन हातात धरून विचारलं, "नाव कोणाचं घालू?" मी म्हटलं, जी चालवणार तिचं.

तेव्हा सर्वांनी समजावं की फियाट गाडी या मृत्युपत्राने मी कोणालाही दिलेली नाही. ती माझी नाहीच. १४ ऑक्टोबर २०२५ पासून ती भूमिकाच्या नावावर आहे, मी हयात असताना, माझ्या डोळ्यांदेखत. मृत्युपत्राने दिली असती तर मी मेल्यावर कित्येक महिने ती मेलेल्याच्या नावावर धावली असती आणि कागद पुन्हा लटकला असता. भावकीत कोणी म्हणेल की बाप, आजा जिवंत असताना नाव चढवलं, अपशकुन केला. त्याने माझ्याकडे यावं, मी असेन तोवर.

भूमिका, आता तुला आणि शेडमध्ये येणाऱ्या तुझ्या दोस्तांना सांगतो. जुन्या जीपा, जुन्या मोटारी घ्यायची हौस चांगली आहे, पण पॉलिश नंतर, विमा आधी. जो चालवतो त्याचं नाव कागदावर पाहिजे. बापाच्या नावावर असली तर बापाला समजावा, आणि नाही समजला तर हे कलम वाचून दाखवा. किंमत तोंडी ठरवू नका. आयटीआयला स्कूटरवर जायचं, फियाट रोजच्या कामाला काढायची नाही, विम्याच्या कागदावर तसं लिहून दिलंय. आणि नवरदेवाला बसवायला कोणी मागितली तर नाय म्हणायचं. नुसता नारळ देऊन नेली तरी विमावाले ती भाड्यानेच नेली असं धरतात. लोक चार दिवस तोंड फिरवतील, फिरवू देत.

कलम २. जगनबद्दल.

भाविकच्या दहाव्याला, नदीवर, सगळ्या भावकीसमोर मी जगनला बोललो की तू चुकीचा कागद आमच्या गळ्यात मारलास, कमिशनसाठी भाच्याला उघड्यावर सोडलंस. हे खोटं होतं. फॉर्म त्याने आणले होते, परत मी पाठवले होते, आणि ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्याने तिथे तोंड उघडलं असतं तर मला नदीत उडी घ्यावी लागली असती. तो गप्प राहिला, कारण त्याची बहीण माझ्या शेजारी बसली होती आणि तिला टेकायला तेवढा मीच राहिलो होतो. चपला घातल्या आणि निघून गेला.

देवकीने माझा शब्द खरा धरला आणि माहेर तोडलं. बारा भाऊबिजा गेल्या. ज्यांना भाऊ नसतो त्या बाया चंद्राला ओवाळतात, तशी ती दर वर्षी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची, आणि मी ओटीवर बसून बघायचो. मी नालायक माणूस आहे, हे कायद्याच्या भाषेत कसं लिहितात ते मला माहीत नाही.

हे कलम वकीलबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "काका, गाडी जिवंतपणी दिलीत. मग हे मेल्यावर का?" म्हणून परवा, शनिवारी दुपारी, मी ते देवकीला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर सूप खाली ठेवलं. मारलं असतं तरी चाललं असतं. तिने एवढंच विचारलं, "मुरबाडची एस्टी किती वाजता हाय?" मी म्हटलं, सव्वातीनला. पिशवीत कुंकवाचा करंडा, सुपारी आणि एक लुगडं टाकलं आणि निघाली. आज तिसरा दिवस. फोन मी केला नाही. कुठल्या तोंडाने करू?

कलम ३. घर आणि शेत.

धसईचं राहतं घर आणि त्यामागचं भाताचं शेत देवकीला, तिच्या हयातीत पूर्ण हक्काने, आणि तिच्यामागे रंजिताला. देवकी परत आली तरी तिचं, न आली तरी तिचंच. या कलमाला कोणतीही अट नाही.

कलम ४. हत्यारं.

पाने, टॉर्क रेंच, वाइस, वेल्डिंगचं मशीन भूमिकाला. २०१९ साली चुलतपुतण्या प्रज्वल याने "दोन दिवसांसाठी" नेलेला हायड्रॉलिक जॅक त्यालाच दिला असं समजावं. परत तो देणार नाहीच, निदान चोरी तरी राहणार नाही.

कलम ५. हे सगळं अमलात आणायचं काम जगनने करावं. तो नको म्हणाला तर त्याला आग्रह करू नये, रंजिताने करावं.

कलम ६. राहिला मंगळ्या.

मंगळ्या, राहणार वरची वाडी, तीस वर्षं माझ्या शेडमध्ये काम करतोय. कॉम्प्रेसर त्याला द्यावा, आणि शेडच्या पुढच्या अंगाला तो जिवंत असेपर्यंत पंक्चरचं काम करील. त्याला तिथून कोणी उठवू नये. याचं कारण देवकीला मी वाचून दाखवलेलं नाही. ती एस्टीला निघून गेली होती, आणि ती असती तरी माझ्याने झालं नसतं.

जत्रेच्या दिवशी तो भाविकच्या शेजारी बसला होता. त्याचा हात मोडला होता. तशाच हाताने त्याने भाविकचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला फोन लावला. म्हणाला, "काका, गाडी ठोकली. मोरीवर." आणि मी, भाविकचा बाप, पहिलं वाक्य बोललो ते असं, "गाडीला किती लागलंय?"

मंगळ्या म्हणाला, "गाडी बरी हाय काका. तुमी या." मी पोचेपर्यंत भाविक राहिला नव्हता. मागून मला कळलं की मी फोनवर बोललो तेव्हा तो शुद्धीत होता. त्याने ऐकलं की नाही, हे मंगळ्याला माहीत आहे. अकरा वर्षं रोज सकाळी तो माझ्यासमोर शेड उघडतो आणि त्याने ते मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कोणीही त्याला विचारू नये.

भूमिका आज ना उद्या कुठेतरी गाडी ठोकणार. सगळे ठोकतात. कागद नीट आहेत, गाडीचं जे व्हायचं ते विमा बघेल, त्यासाठीच तो काढला. म्हणून रंजिता, देवकी, जो कोणी फोन उचलेल त्याने गाडीचं नाव काढायचं नाही. पोरीला विचारायचं, "कुठं हायेस गो? तुला लागलं काय?" मला भाविकला हे विचारायचं राहिलं.

वरचा मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, तीन ठिकाणी खाडाखोड आहे ती माझ्याच हातची आहे. पुढच्या दोघांच्या समक्ष सही करतो. त्यांनी माझी सही पाहिली आहे, मजकूर वाचलेला नाही.

सही : भगीरथ धाऊ तारमळे

साक्षीदार :
१. धाकलू गोविंद वेखंडे, निवृत्त शिक्षक, धसई
२. वैष्णवी महेश हरड, अंगणवाडी सेविका, धसई

ठिकाण : धसई, तालुका मुरबाड
दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५