फुकटची वाफ

शुक्रवार, सचिन गावातल्या कारखान्यातून घरी आल्यावर

आज आमच्या कारखान्यातून ते गॅस ओढायचं यंत्र रवाना झालं. जमिनीतल्या वाफेवर वीज करतात, तिथे वाफेसोबत गॅसही वर येतो. तो ओढून काढला नाही तर टर्बाइन दमतं, आणि ओढायला पुन्हा वाफच खर्ची पडते. अर्धं काम पंपाने करावं, हे माझं डिझाइन. शेजारच्या टेबलावरचा प्रकाशभाऊ तेव्हा हसला होता. "ताई, वाफ फुकट येते, वाचवायची कशाला?" मी म्हटलं होतं, फुकटची म्हणून उधळायची नसते, तेवढ्या वाफेत एक गाव उजळेल.

ज्याचं यंत्र त्याने नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. शेठने गुजरातीत विचारलं, "आ कोनुं काम?" हे काम कोणाचं, म्हणून. मी पुढे सरकणार तोच प्रकाशभाऊने नारळ उचलला. यंत्र न्यायला आलेल्या पाहुण्यांना हिंदीत ऐकवलं, फुकटची म्हणून उधळायची नसते, एक गाव उजळेल. वाक्यसुद्धा माझंच.

मी गप्प का राहिले? दरवर्षी राखी बांधते त्याला, म्हणून? की चारचौघांत भांडखोर ठरेन म्हणून? वर पहिला तुकडा मलाच दिला. "घे ताई." आणि मी घेतला.

आईला सकाळीच सांगितलं होतं, आज नारळ मी फोडणार. डब्यातला तुकडा तिने देवापुढे ठेवला. आमच्या बोलीत विचारलं, "नारय तूच फोडा ना?" नारळ मीच फोडला ना, म्हणून.

"मन्हा भाऊनी फोडा."

बरं केलंस, म्हणाली. भावाला मान द्यावाच.