खुर्चीसकट

धाकट्या,

हे पत्र तुला पोचणार नाही. त्या छावणीत माणसं आत नेतात, कागद नाही. तरी लिहिते, नाहीतर भिंतीशी बोलायची वेळ येईल.

पेपरात आलं होतं, 'बंडखोरांचा म्होरक्या पकडला?' त्या प्रश्नचिन्हावर माझा जीव टांगलेला होता. तू नाव सांगत नव्हतास, म्हणून ओळख पटवायला त्यांनी मला नेलं. वाटभर मी मनात घोकत होते, ओळखत नाही, कधी पाहिलेला नाही.

दार उघडलं. तुझे हात खुर्चीला बांधलेले होते. मला पाहिलंस आणि खुर्चीसकट उठलास.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास. वहिनी उभी असताना बसायचं नाही, हे तुझ्या दादांनी लावलेलं वळण. ते गेले, वळण राहिलं.

"ओळखता याला?" साहेबाने विचारलं.

"नाही."

"अहो बाई, अनोळखी बाईसाठी कोणी खुर्ची पाठीला घेऊन उठतं का?"

सगळे हसले. तूही ओशाळून हसलास, लहानपणी पकडला गेलास की हसायचास तसा.

आता त्यांना तुझ्या साथीदारांची नावं हवी आहेत. उद्या मला पुन्हा नेणार आहेत, तुझी समजूत घालायला. ती मी घालणार नाही. दारातच जमिनीवर बसेन. तू मात्र उठू नकोस, बाळा. तुझ्या पायांचं त्यांनी काय केलंय, ते मी पाहिलंय.

तुझी वहिनी