दत्तूचा सत्कार

रविवार, ७ मे १९७२. कोपरगाव.

आज शाळेच्या मैदानावर दत्तूचा सत्कार झाला. दत्तू आता अर्थखात्याचा राज्यमंत्री! मॅट्रिकला गणितात दोनदा नापास झालेला दत्तू. एका बाकावर बसायचो, त्याची गणितं मी सोडवून द्यायचो, आणि मी अजून त्याच शाळेत गणितच शिकवतोय.

पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम हेडमास्तरांनी माझ्याच गळ्यात घातलं. त्याच्या नापास होण्याबद्दल अर्थातच बोललो नाही. मनात मात्र तेवढ्याच एका गोष्टीचा आधार होता. तर हा पठ्ठ्या भाषणाला उठला आणि म्हणतो कसा, "मंडळी, मी गणितात दोनदा नापास झालेला माणूस हाय! ह्या मास्तरानं शिकवलं म्हणून सुटलो. अन् आता राज्याचा हिशेब माझ्याच हाती दिलाय!"

लोक पोट धरधरून हसले. टाळ्या थांबेनात. माझ्याकडे तेवढं एक होतं, तेही त्यानंच चारचौघांत वाटून टाकलं. वर आणखी वाकून माझ्या पाया पडला. इतकं चांगलं कशाला वागावं माणसानं?

घरी आल्यावर ही म्हणाली, "धा वर्सांमागं तिकीट आधी तुमालाच देत हुते ना? मग का न्हाई घेतलं?"

"नोकरी होती," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि ती भाकरी थापायला बसली. तिला ते पटलं असावं.

नोकरीचं खोटं होतं. निवडणुकीत पडलो तर गाव काय म्हणेल, याची भीती वाटली होती. लग्नाच्या बायकोलाही हे कधी सांगितलेलं नाही.